डावखुरा हिरो

रविवारी सकाळी अकराच्या ठोक्याला लेकीचा फोन यायचा. तो काटेकाकाच उचलायचे आणि बरोबर एकोणीस सेकंदांनी काकूंच्या हातात द्यायचे. त्या एकोणीस सेकंदांत काय व्हायचं, ते ऐकून घ्या.

"हॅलो."

"बाबा, जेवलात?"

"अकरा वाजता कोण जेवतं? नाश्ता झाला. तू?"

"झाला. तब्येत बरी?"

"उत्तम. तुझी?"

"उत्तम. आईला देता?"

संपलं. पुढची पन्नास मिनिटं फोन काकूंकडे. त्या स्वयंपाकघराच्या दारात स्टूल घेऊन बसायच्या आणि मायलेकी हसून हसून बेजार व्हायच्या. काका पलीकडे वर्तमानपत्र उघडून बसायचे. बघणाऱ्याला वाटावं फार बारकाईनं वाचताहेत, पण ते वाचतच नसत. कान सगळा स्टुलाकडे.

काटेकाका हे त्यांचं नाव नव्हे. ते वजनकाटे दुरुस्त करत, म्हणून सगळे त्यांना काटेकाका म्हणत. लेकीच्या जन्माच्या आधीपासून ते एकाच दुकानात एकाच टेबलापाशी बसत आले होते. पारड्यात वजन ठेवल्यावर जो टक् होतो, तो ऐकून ते सांगायचे की वजन किती किलोचं आहे, लोखंडी की पितळी, आणि ठेवणाऱ्यानं ते मध्यभागी ठेवलंय की कडेला. असा कान देवानं दिला होता, पण तोंड देताना हात आखडता घेतला होता. बोलायला बसले की तिसऱ्या वाक्याला त्यांचा साठा संपायचा.

"तुम्ही दोघी एवढं बोलता तरी काय?" एका रविवारी त्यांनी काकूंना विचारलं.

"काही खास नाही. कुठला सिनेमा बघितला, कुठलं गाणं आलंय, तो नवा गेम कसा आहे. तिच्या कामाचंच ते. आवडतं तिला त्याबद्दल बोलायला. पण तुम्ही कधी बघता का सिनेमा?"

बघत नव्हते. थिएटरात अंधार झाला की काकांना झोप लागायची. लग्नानंतरचा पहिला सिनेमासुद्धा त्यांनी काकूंच्या खांद्यावर झोपून काढला होता, आणि काकूंनी ते अजून सोडलेलं नव्हतं. लेक दूरच्या शहरात एका स्टुडिओत "आवाजाचं काहीतरी" करते, एवढं त्यांना माहीत होतं. माइकसमोर "हॅलो, हॅलो" म्हणून तपासणी करत असेल, असा त्यांचा समज. नक्की काय ते काकूंनी चारदा सांगितलं होतं. चारही वेळा काका मनात कुठला तरी बिघडलेला काटा दुरुस्त करत होते.

त्याच आठवड्यात ते केस कापायला गेले आणि त्यांना मार्ग सापडला.

सलूनवाल्याला सगळे स्टाइलभाऊ म्हणायचे. खुर्चीत बसवलं, चष्मा काढून घेतला, गळ्याभोवती कापड बांधलं, की भाऊंची मतं सुरू. मागच्या भिंतीवर टीव्ही होता, त्यावर दिवसभर सिनेमे, गाणी, गेमचे व्हिडिओ, काही ना काही चालूच असायचं. भाऊंनी त्यातलं सगळं पाहिलेलं होतं आणि प्रत्येकावर त्यांचं ठाम मत होतं.

"तो बेटावरचा सिनेमा आलाय बघा काका," कात्री चालवत भाऊ म्हणाले, "बघण्यासारखा आहे. हिरो डावखुरा आहे, पण मारामारी काय करतो. आजकाल सगळे हिरो डावखुरेच येतात. कुठून शोधून आणतात कोण जाणे."

"असं?" काका म्हणाले. चष्मा नव्हता, पण डोळे चमकले.

रविवारी अकरा वाजता "तब्येत उत्तम" झाल्यावर काकांनी घसा साफ केला.

"काय गं, तो बेटावरचा सिनेमा पाहिलास?"

 "बाबा? तुम्ही पाहिलात?"

"हिरो डावखुरा आहे," काका म्हणाले. "पण मारामारी चांगली करतो. आजकाल सगळे डावखुरेच असतात म्हणा."

"डावखुरा?" लेक हसायला लागली. "हे माझ्या लक्षातच नाही आलं. थांबा, परत बघते. अजून काय काय वाटलं?"

अजून काय वाटायचं ते सगळं भाऊंना वाटून झालं होतं. काकांनी ते ओळीनं सांगितलं. साडेसहा मिनिटं झाली. काकू स्टूल घेऊन उभ्याच राहिल्या. फोन त्यांच्या हातात देताना काकांचा चेहरा असा झाला होता, की काकूंनी आधी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

झालं. माणसाला एकदा चटक लागली की लागली. दर शनिवारी काका सलूनमध्ये हजर. नुसतं बसून गप्पा माराव्यात तर भाऊंचा नियम कडक होता: बाकावर बसणाऱ्याशी बोलायचं नाही, खुर्चीतल्याशीच बोलायचं, नाहीतर हात चुकतो. म्हणजे मत हवं तर डोकं द्यायला हवं. काकांनी दिलं.

दुसऱ्या शनिवारी एका गायकाबद्दल मत मिळालं. "मेहनती पोरगा. गळ्याच्या शिरा बघा कशा फुगतात. आणि दात एकदम सरळ." काकांनी ते जसंच्या तसं पुढे पोचवलं. लेक म्हणाली, "गायकाचे दात बघणारे तुम्ही पहिलेच, बाबा," आणि त्या दिवशी अकरा मिनिटं झाली. तिसऱ्या शनिवारी एक गेम मिळाला. "तो माणूस आख्खा डोंगर पळत चढतो काका, पण दम म्हणून लागत नाही. हे पटत नाही." हे ऐकून लेक एकदम गंभीर झाली. "दम लागत नाही? दम लागतो की त्याला." "मला तर नाही वाटलं," काका भाऊंसारखेच ठामपणे म्हणाले. सतरा मिनिटं.

पाचव्या शनिवारी भाऊंनी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि कात्री खाली ठेवली.

"काका, कापायला काहीच उरलं नाही हो."

"नुसती हवेत चालवा. पण बोला."

"मिशी घेऊ का?"

काकांनी मिशी दिली. घरी आल्यावर काकूंनी दार उघडलं आणि "कोण पाहिजे?" असं विचारलं. त्या खरंच ओळखू शकल्या नाहीत की मुद्दाम, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. पण काकांना कसलीच फिकीर नव्हती. बिनमिशीचा माणूस वीस मिनिटं फोनवर बोलत होता, आणि मिशीचा माणूस एकोणीस सेकंद. हिशेब साफ होता.

मग एका रविवारी लेकीनंच विचारलं, "बाबा, तो तुरुंगाचा सिनेमा पाहिलात?"

तिचा आवाज जरा वेगळा होता. सहज विचारल्यासारखा, पण सहज नसलेला. पारडं एका केसानं झुकलं तरी ज्याच्या लक्षात येतं त्या माणसाच्या हे मात्र लक्षात आलं नाही.

"अजून नाही. पुढच्या रविवारी सांगतो."

"नक्की बघा हं. आणि खरं खरं सांगा. तुम्ही खरं सांगता ना, म्हणून विचारते."

शनिवारी काका दुकान लवकर बंद करून खुर्चीत जाऊन बसले. भुवया तेवढ्या उरल्या होत्या.

"पाहिला तो," भाऊ म्हणाले. "गोष्ट चांगली. पण शांत फार. तुरुंग म्हटलं की कसं धडाधड व्हायला पाहिजे. ती एवढी मोठमोठी दारं उघडतात, मिटतात, पण काही वाटत नाही. मुकी दारं. हिरो मात्र हाही डावखुराच."

रविवारी काकांनी सगळं ठणकावून सांगितलं. लेकीनं खरं सांगायला सांगितलं होतं ना.

"मुकी?" ती म्हणाली.

"अगदी मुकी. आहेत की नाहीत कळत नाही."

"बाबा, कुठे बसून पाहिलात?"

"खुर्चीत," काका म्हणाले. हे खरंच होतं.

"आणि हिरो?"

"डावखुरा."

"अहो, पण तो उजव्या हातानं लिहितो. मी स्वतः ते पेन..." ती मध्येच थांबली. "डावं-उजवं. थांबा. बाबा, ठेवते मी."

फोन बंद. आईलाही मागितलं नाही तिनं. काकू स्टुलावर बसल्या होत्या, त्या तशाच उठल्या.

पुढच्या रविवारी अकरा वाजले. फोन वाजला नाही. सव्वाअकरा झाले. काकांनी फोन उचलून चालू आहे का ते पाहिलं. साडेअकराला काकूंनी स्वतः लावून पाहिला, तेव्हा उत्तर आलं नाही. नुसता मेसेज आला, 'कामात आहे, मग बोलू.'

"तुम्ही तिला काय म्हणालात?" काकूंनी विचारलं.

"काही नाही. त्या तुरुंगाच्या सिनेमातली दारं मुकी आहेत म्हणालो."

काकू मटकन स्टुलावर बसल्या. "अहो, ती दारं तिनं वाजवलीत."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? सिनेमात दार लागल्याचा आवाज येतो, पावलं वाजतात, पेन घासतं, ते सगळं नंतर स्टुडिओत करतात. ते करते ती. माणूस पळतो तेव्हा दम लागल्याचा आवाजसुद्धा. पाचव्यांदा सांगतेय. हा तिचा पहिला मोठा सिनेमा. दोन महिने दारांवर बसली होती पोरगी."

 काटेकाकांना तो दम आठवला. 'तुम्ही खरं सांगता' आठवलं. एवढ्या आठवड्यांत आपण एक मत तरी आपलं दिलं का, याचा त्यांनी विचार केला, आणि तसेच पायात चपला अडकवून सलूनकडे निघाले.

सलूनमध्ये गर्दी होती. एक गिऱ्हाईक अर्ध्या दाढीला साबण लावून बसलं होतं. आज काका पहिल्यांदा चष्मा लावून आत उभे होते, आणि आज पहिल्यांदा त्यांना नीट दिसलं. टीव्ही मागच्या भिंतीवर. भाऊंचं तोंड पुढे, आरशाकडे. आणि टीव्हीवर कुणी तरी जिवाच्या आकांतानं ओरडत होतं, पण आवाज शून्य.

"भाऊ, याचा आवाज कुठंय?"

"बंद असतो. कायम," भाऊ म्हणाले. "एकदा ढोलाचं गाणं लागलं होतं, त्या तालावर एकाच्या भुवईचे दोन तुकडे केले मी. तेव्हापासून बंद."

"आणि तुम्ही सिनेमा बघता तो..."

"आरशात. गिऱ्हाइकाकडे पाठ कशी करणार?"

काका आरशाकडे बघत राहिले. आरशात कुणी तरी डाव्या हातानं बंदूक झाडत होतं. त्यांनी मागे वळून पाहिलं. तोच माणूस उजव्या हातानं.

"भाऊ," काका अगदी हळू म्हणाले, "जगात एकही हिरो डावखुरा नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं. भाऊंच्या हातातला वस्तरा खाली आला.  "मी आपलं सहज बोलतो हो," भाऊ म्हणाले, "केस कापताना वेळ जावा म्हणून. तुम्ही माझं मत घरी घेऊन जाता हे मला कसं कळणार? मला वाटलं तुम्हाला केसांचा काही आजार झालाय. देवाशपथ, काळजी करत होतो तुमची."

सोमवारी सलूनला सुट्टी होती. काकांनी दुकान उघडलंच नाही. काका, काकू आणि स्टाइलभाऊ असे तिघं दुपारच्या खेळाला त्या तुरुंगाच्या सिनेमाला जाऊन बसले. भाऊ भरपाई म्हणून आले होते, पण हातात कात्री नसल्यामुळे त्यांना हातांचं काय करावं ते समजत नव्हतं. अंधार झाला. काकूंनी सवयीनं खांदा पुढे केला. पण आज काकांच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता.

वीसेक मिनिटांनी कैद्याला आत आणलं. पहिलं दार लागलं. सगळं थिएटर दचकलं, असा तो जड, खोल, पोटात जाणारा आवाज होता. दुसरं दार लागलं. मग तिसरं, सगळ्यात मोठं. त्यानंतर पडद्यावर शांतता. त्या शांततेत काटेकाका उभे राहिले.

"अहो, हे माझं वजन आहे," ते मोठ्यांदा म्हणाले.

"बसा खाली," मागून कुणीतरी म्हणालं.

"दोन किलोचं. लोखंडी. माझ्या मोठ्या पारड्यावर ठेवलंय. पहिल्या दोनदा कडेला ठेवलं, तिसऱ्यांदा मध्ये."

आणि त्यांना ती दुपार आठवली. मागच्या वेळी लेक घरी आली होती, दुकानात येऊन बसली होती, मोबाइल टेबलावर ठेवून उगाचच वजन उचलत-ठेवत होती. काकांनी मान वर न करता म्हटलं होतं, "कडेला ठेवतेस. मध्ये ठेव." तिनं मध्ये ठेवलं होतं. त्या दुपारी दोघं याहून जास्त काही बोलली नव्हती.

मध्यंतराची वाट न बघता ते बाहेर आले आणि जिन्यापाशी उभं राहून त्यांनी फोन लावला. लेकीला स्वतः फोन लावायची ही त्यांची पहिलीच वेळ. तिनं लगेच उचलला.

"बाबा? काय झालं? आई बरी आहे ना?"

"बरी आहे. ऐक. मी एकही सिनेमा पाहिला नव्हता. गाणी नाही, गेम नाही. सगळी मतं सलूनवाल्या भाऊंची होती. ते आवाज बंद करून आरशात बघतात. तुझ्याशी चार शब्द बोलायला मिळावेत म्हणून मी ती उचलली." एवढं सलग बोलल्यावर त्यांना दम लागला, आणि तो नीट ऐकू येत होता. "मला माफ कर. तू रागावली असशील."

"रागावले? मी कशाला रागावू? मी तर कालपासून तुम्हाला फोन करायला बघतेय. आत्ता कुठे उठले झोपून." लेक हसत होती की रडत होती, ते काकांच्या कानालाही ठरवता येईना. "अहो, तुम्ही म्हणालात डावखुरा, दारं मुकी. मी साहेबांना सांगितलं, माझ्या बाबांचा कान कधी चुकत नाही, डाव्या-उजव्याचा काहीतरी घोळ आहे. आम्ही सिनेमा तीन वेळा तपासला. काही सापडलं नाही. साहेब वैतागले. मग म्हटलं, हातात असलेला नवा गेमही तपासून घेऊ. तर त्यात एका आख्ख्या भागात डावं-उजवं उलटं लागलेलं. शत्रू उजवीकडून येतोय आणि पावलं डावीकडून वाजतायत. आज सकाळी बाहेर जायचा होता तो गेम. माझ्या नावावर. सगळं काल दिवस-रात्र बसून सुधारलं. बाबा, तुम्ही बोलला नसतात तर माझी नोकरी गेली होती."

काका जिन्याच्या पायरीवर बसले. "ते भाऊ बोलले," ते म्हणाले.

"मग भाऊंचे आभार माना. आणि दारं?"

"दारं आत्ता ऐकली," काका म्हणाले. "दोन किलोचं आहे. तिसऱ्यांदा मध्ये ठेवलंस."



"कुणालाच कळलं नाही हो ते," ती म्हणाली. "सगळे विचारतात, एवढं जड दार आणलंस कुठून."

"बापाच्या दुकानातून म्हणून सांग. फार चांगलं वाजलंय, पोरी. हे माझं मत. भाऊंना विचारलेलं नाही."

सिनेमा सुटल्यावर काकांनी स्टाइलभाऊंचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले, "भाऊ, तुमच्यामुळे पोरीची नोकरी वाचली आणि मला माझी पोरगी मिळाली. मी जन्मात विसरणार नाही." भाऊंना अवघडल्यासारखं झालं. "ते ठीक आहे काका," ते म्हणाले, "पण सिनेमा बिघडवला हो आवाजानं. काय ती दारं, कान किटले. आरशात शांत होता तेव्हा बरा होता." काकूंनी काकांचा दंड धरला म्हणून, नाहीतर नुकतीच जुळलेली मैत्री तिथंच संपली असती.

पुढच्या रविवारी अकराच्या ठोक्याला फोन वाजला. काकांनी उचलला. पावलं कशावर वाजवतात, पाऊस कशाचा करतात, पितळी वजन कुठल्या दाराला शोभेल, असं करत करत बारा वाजले. काकू स्टूल घेऊन दारात उभ्या होत्या, त्यांचे पाय दुखायला लागले.

"अहो, मला द्या की जरा."

काकांनी फोन कानापासून न हलवता हातानं त्यांना थांबायची खूण केली.

"ती विचारतेय," ते म्हणाले, "जेवलीस का?"

"अजून नाही. का?"

"नाही जेवली गं अजून," काकांनी फोनवर सांगितलं. "हो, तब्येत उत्तम आहे तिची. हं, तर त्या पितळी वजनाचं काय म्हणत होतो..."